सीगलने खाल्लेलं ‘आम्ही’

हॅरिस पार्क

प्रवासाबद्दल लिहिणारी माणसं निदान एकदा तरी विमानात बसतात. मी बसले ती हॅरिस पार्क स्टेशनातून सुटणाऱ्या साध्या उपनगरी गाडीत, मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा आणि नाकावर मास्क घेऊन. महामारीचं पहिलं वर्ष होतं. ऑस्ट्रेलियाने आपली दारं लावून घेतली होती, मेलबर्नकर घरात कोंडलेले होते, आणि आम्हा सिडनीकरांना आपल्याच राज्यात हिंडायची तेवढी मुभा होती. त्यामुळे वॉलॉंगॉंगपर्यंतचा काही तासांचा प्रवास मला युरोपच्या सहलीसारखा वाटत होता, आणि निघण्याआधी मी बॅगही तशीच भरली होती.

“एका रात्रीसाठी दोन स्वेटर?” माझा नवरा निनाद म्हणाला. तो जेवणाच्या टेबलावर ऑफिस थाटून बसलेला असतो. वर शर्ट, खाली पायजमा. “आणि हे लाडू कोणाला? लाच?”

“गुरुदक्षिणा.”

“ओके. इंटरव्ह्यूच्या आधी दिली की त्याला लाच म्हणतात.”

मी निघाले होते सल्ला गोळा करायला. आपल्याकडे एमबीबीएसनंतर पुढचं शिकायचं तर प्रवेश परीक्षा द्यायची. रँक आला की जागा मिळते, तुमचं तोंड कोणी बघत नाही. माझ्या तोंडाकडे बघता ही पद्धत मला सोयीची होती. इथे मात्र मुलाखत असते. तीन माणसं समोर बसतात आणि “वरिष्ठांशी तुमचा मतभेद कधी झाला ते सांगा बरं” असं हसत विचारतात. मिरजेच्या कॉलेजात ज्या गोष्टी लपवण्यात आमची सगळी हुशारी खर्च झाली, त्यांचे इथे मार्क मिळतात.

मला लहान मुलांची डॉक्टर व्हायचं होतं आणि त्या जागेसाठी मी दोनदा मुलाखत देऊन दोनदा परत आले होते. दोन्ही वेळा पत्रात लिहिलं होतं की तुम्ही उत्तम आहात, पण. यंदाची तिसरी खेप. जानेवारीत माझी मुलांच्या वॉर्डातली नोकरी संपणार होती, आणि यंदाही ‘पण’ आला तर मुलांच्या विभागाला रामराम ठोकून मिळेल ते काम धरायचं, असं मी आणि निनादने ठरवून टाकलं होतं. ठरवताना मी अगदी समजूतदारपणे मान हलवली आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. त्याला नळाचा आवाज बरोबर कळला असणार, कारण बाहेर आले तर चहा तयार होता.

सेंट्रलला गाडी बदलली. दक्षिण किनाऱ्याच्या गाडीत बाकांच्या पाठी पुढेमागे ढकलता येतात. हवं त्या दिशेला तोंड करून बसा. त्या वर्षी बाकांवर हिरवे गोल चिकटवले होते, गोलावरच बसायचं. मी समुद्राच्या बाजूचा गोल पकडला. नॅशनल पार्कची झाडी संपली, बोगदे आले, आणि एका वळणावर डावीकडे एकदम खाली समुद्र दिसला. उजवीकडे उभा डोंगर, मधल्या चिंचोळ्या पट्टीत गाडी आणि कौलारू घरं. समोरच्या गोलावरचे आजोबा मोबाइलवर घोड्यांच्या शर्यती बघत होते. त्यांनी समुद्राकडे एकदाही पाहिलं नाही. मीही कधीतरी अशी होईन, असं वाटून मला बरं वाटलं. समुद्राकडे न बघण्याइतकं एखाद्या गावचं होणं, एवढीच माझी इच्छा होती.

वॉलॉंगॉंग, पहिला दिवस

या गावातल्या इस्पितळात मी पूर्वी काही महिने काम केलं होतं. तिथला डॅन हा माझा पहिला सल्लागार. वयाने माझ्याहून फार मोठा नाही, पण हुद्द्याने बराच वर. इस्पितळाबाहेर कॉफीची गाडी उभी असते, तिथे तो फ्लॅट व्हाइट घेऊन आला आणि माझ्यापासून दीड मीटर अंतर राखून कठड्यावर बसला.

“केट,” तो म्हणाला. केतकी हे नाव त्याने पहिल्याच दिवशी कापून टाकलं होतं. “माझा एकच सल्ला. जस्ट बी युअरसेल्फ.”

मी पुढच्या सल्ल्याची वाट पाहिली. पुढे काही नव्हतं.

“पण स्वतःसारखं म्हणजे नक्की कसं?” मी विचारलं.

“यू नो. रिलॅक्स्ड.”

“मी रिलॅक्स्ड नाहीये.”

“मग तसं दाखवू नकोस,” तो म्हणाला, आणि त्याचा फोन वाजला. “यू विल बी राइट, मेट.” आणि गेला. लाडू मात्र घेऊन गेला, तेही दोन.

मोटेलमध्ये खोली घेतली. काउंटरवरच्या बाईंनी सही करायला पेन दिलं, मी सही केली, त्यांनी पेनाला सॅनिटायझरचा फवारा मारला, मग माझ्याकडे पाहून जरा विचार केला आणि थांबल्या. संध्याकाळी खोलीत बसून मी दुसऱ्या सल्लागारांना व्हिडिओ कॉल लावला. हे पाटणकर सर. मिरजेत मला शिकवायचे; मग मेलबर्नला गेले, आता तिथे विद्यार्थ्यांना शिकवतात आणि क्रेगीबर्नला राहतात. त्यांच्याकडे खरं तर मी जाणार होते, पण सीमा बंद, आणि सरांना घरापासून थोड्याच अंतरापलीकडे पाऊल टाकायची बंदी. कॉल लागला तेव्हा सर कपडे वाळत घालायच्या स्टँडसमोर बसले होते आणि त्यांच्या डोक्यामागे कोणाचातरी फ्रॉक लटकत होता.

“अगं केतकी, एक गोष्ट गाठ बांधून ठेव,” सर म्हणाले. “मुलाखतीत ‘मी’ हा शब्द शक्यतो टाळायचा. मी हे केलं, मी ते ओळखलं. माणूस उर्मट वाटतो. आम्ही म्हणावं. त्यात नम्रपणा आहे.”

मागून त्यांची मुलगी ईरा कानाला हेडफोन लावून जात होती. ती थांबली. “बाबा, दॅट्स सो नॉट ट्रू.”

“ईरा, मराठीत बोल.”

“दॅट्स सो नॉट ट्रू, मराठीत,” ईरा म्हणाली आणि निघून गेली.

सरांनी हात झटकला. मला मात्र सरांचं पटलं. घरी आईचं तरी वेगळं काय होतं? मला शाळेत बक्षीस मिळालं आणि मी अंगणातूनच ओरडत आले की ती म्हणायची, “शेळीसारखं मी-मी करू नकोस.” त्यामुळे मी बक्षीस मिळालं तरी “आम्हाला मिळालं” म्हणायला शिकले, आणि शेजारच्या काकूंना वाटायचं की आम्ही जुळ्या आहोत.

वॉलॉंगॉंग, दुसरा दिवस

तिसरी सल्लागार मार्गारेट. इथे मला एक अडचण आहे. मार्गारेट साठीच्या पुढची, इथल्याच इस्पितळात मुलांच्या विभागातली सगळ्यात ज्येष्ठ डॉक्टर. मराठीत लिहायचं तर त्या, त्यांनी, त्यांचं. पण मी तिला पहिल्या दिवशी “मॅडम” म्हटलं तेव्हा तिने मागे वळून पाहिलं की कोण आलं. “मी मार्गारेट,” तिने बजावलं. म्हणून इथे ती ‘ती’च राहील. मनातल्या मनात मी अजूनही त्या म्हणते.

व्हिडिओवर सल्ला द्यायला तिने साफ नकार दिला होता. “डब्यातली तोंडं मला आवडत नाहीत. खाली ये,” एवढंच लिहिलं होतं. खाली म्हणजे नकाशात सिडनीच्या खाली, वॉलॉंगॉंगला. दुपारी दीपगृहाजवळच्या बाकावर भेटायचं ठरलं. ऑगस्ट म्हणजे इकडचा हिवाळा. वारा असा की दोन्ही स्वेटर कामाला आले. दूर दक्षिणेला पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्याचा धूर आडवा पडला होता. मार्गारेट मांडीवर कागदात गुंडाळलेले चिप्स घेऊन बसली होती.

आता घडलं ते असं. महत्त्वाच्या परीक्षेआधी गुरूंच्या पाया पडायचं, ही आमच्या घरची रीत इतकी अंगात मुरलेली, की तिला पाहताच मी पुढे झाले आणि वाकले. वाकता वाकता लक्षात आलं की हे ऑस्ट्रेलिया आहे, महामारी आहे आणि दीड मीटरचा नियम आहे. मी अर्ध्यावर थांबले. मार्गारेटने पाय वर घेतले.

“काही हरवलं का, लव्ह?” तिने विचारलं आणि तीही बाकाखाली शोधायला लागली.

“कानातलं,” मी म्हटलं. मग आम्ही दोघींनी जे नव्हतंच ते बराच वेळ गवतात शोधलं. शेवटी तिने माझ्या कानांकडे पाहिलं. दोन्ही कानांत डूल होते. तिने बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायची खूण केली आणि चिप्स मध्ये ठेवले.

“घे. चिकन सॉल्ट लावलंय.”

श्रावण चालू होता आणि मी आईला शब्द दिला होता. “मी महिनाभर चिकन खात नाही,” मी सांगितलं.

“चिकन सॉल्टमध्ये चिकन नसतं.”

“मग चिकन सॉल्ट का म्हणतात?”

मार्गारेटने यावर खरंच विचार केला. “माहीत नाही,” ती म्हणाली. “बरं, सुरू कर. वरिष्ठांचं न ऐकता काही केलंस, अशी एक गोष्ट सांग.”

मी माझी सगळ्यात चांगली गोष्ट काढली. एक दोन वर्षांचा मुलगा, खोकला आणि घरघर घेऊन आलेला. त्या दिवसांत खोकणारं मूल म्हणजे आधी करोनाची चाचणी, वेगळी खोली आणि निकाल येईपर्यंत थांबा. “आम्ही त्याला तपासलं,” मी इंग्रजीत म्हटलं. मार्गारेटने एक चिप उचलून सीगलकडे फेकली. पक्ष्यांना खाऊ घालू नये, असा फलक बाकाला खेटूनच उभा होता. मी फलकाकडे पाहिलं. “चष्मा घरी राहिलाय,” ती म्हणाली. “पुढे.”

“आम्हाला असं जाणवलं की उजव्या बाजूला हवा कमी जातेय.” चिप. “मग आम्ही त्याच्या आजीला विचारलं.” चिप. आता तीन सीगल झाले होते. “आम्ही वरिष्ठांना फोन केला, ते म्हणाले दमा असेल, चाचणीचा निकाल येऊ दे. पण आम्हाला पटेना, म्हणून आम्ही परत फोन केला.” चिप, चिप, चिप. बाईंना पक्ष्यांचं फारच वेड दिसतंय, मी मनात म्हटलं. वय झालं की होतं असं माणसाचं. “शेवटी आम्ही दुर्बीण घालायला लावली, आणि श्वासनळीत अर्धा शेंगदाणा निघाला.” मी विजयी मुद्रेने पाहिलं तर चिप्सचा कागद जवळपास रिकामा, आणि भोवती सीगलची जत्रा भरलेली.

“छान गोष्ट आहे,” मार्गारेट म्हणाली. “हू इज वी?”

“म्हणजे?”

“या गोष्टीत एक ‘वी’ नावाचा डॉक्टर आहे. फार हुशार आहे. जागा त्याला द्यावी असं मला वाटायला लागलंय. तू ‘वी’ म्हणालीस की मी एक चिप टाकत होते. बघ किती जमलेत.”

माझे कान गरम झाले. मग जिथे बचाव करायचा तिथे मी व्याकरण शिकवायला लागले. म्हटलं, इंग्रजीला एकच ‘वी’ आहे, आमच्याकडे दोन आहेत. ‘आम्ही’ म्हणजे आम्ही, तुम्हाला वगळून. ‘आपण’ म्हणजे तुम्हीसुद्धा त्यात. आणि नुसतं मी-मी करणं आमच्यात बरं दिसत नाही.

मार्गारेट सरळ होऊन बसली. तिने दोन्ही शब्द म्हणून पाहिले. आम्ही तिला जमलं, आपणचा ‘ण’ जिभेत अडकला. “हे तर फारच उपयोगी आहे,” ती म्हणाली. “मग तुझ्या गोष्टीतला ‘वी’ कुठला?”

“आम्ही. तुम्हाला वगळून.”

“आणि तू? तू होतीस त्यात?”

मला ती खोली आठवली. त्या मुलाची आजी इंग्रजीचा एक शब्द बोलत नव्हती. मी तोंडात काहीतरी टाकून चावायची नक्कल केली आणि तिने घाबरून पर्समधून शेंगदाण्यांची पुडी काढली होती. ते मी पाहिलं होतं, दुसऱ्या कोणी नाही.

“छातीला कान कोणी लावला?” मार्गारेटने विचारलं.

“मी.” तिने एक चिप स्वतःच्या तोंडात टाकली.

“आजीला कोणी विचारलं?”

“मी.” आणखी एक.

“आणि नको सांगितलेलं असताना परत फोन कोणी लावला?”

“मी लावला,” मी म्हटलं. “मला भीती वाटत होती. तरी लावला.”

तिने शेवटची चिप सावकाश खाल्ली आणि कागदाची गोळी केली. “ही गोष्ट त्यांना सांग. आणि ‘वी’ म्हणायचंच असेल तर त्यात कोण कोण आहे, नावं घे. लपायला वापरू नकोस.” मग सीगलांकडे बघून म्हणाली, “यांना सांग, आता काही मिळणार नाही.” मला एकही चिप मिळाली नाही हे माझ्या लक्षात आलं तेव्हा ती लाडवाचा डबा काखेत मारून पार्किंगकडे निघालीसुद्धा होती.

परत

वॉलॉंगॉंगच्या फलाटावर उभी राहून मी पाटणकर सरांना फोन केला. खरं तर चिडवायला केला होता. चिप्सची सगळी हकीकत सांगितली. सर हसतील असं वाटलं होतं, पण ते हसले नाहीत.

“मला इथे पहिल्या दोन मुलाखतींत घेतलं नाही,” सर म्हणाले. “विचारलं तर म्हणाले, तुम्ही स्वतः काय केलंत ते कळलं नाही. मला वाटलं, माझे उच्चार आडवे आले. वर्षभर घरात मोठमोठ्याने बातम्या वाचत होतो गं.” मग म्हणाले, “आणि तेच मी तुला शिकवलं.”

ते ‘मी’ म्हणाले हे मला ऐकू आलं, पण चिडवायचं राहून गेलं. मागून ईराचा आवाज आला, “आय टोल्ड यू.” गाडी आली. परतीला मी पाठ उलटी ढकलून मागे पडणाऱ्या समुद्राकडे तोंड केलं आणि अंधार पडेपर्यंत बघत बसले.

घरी निनादने सरावाची जबाबदारी घेतली. रोज संध्याकाळी तो बटाट्याचे काप तळायचा, समोर बसून प्रश्न विचारायचा, आणि मी ‘वी’ म्हटलं की एक काप स्वतः खायचा. “मी सीगल आहे,” असं तो सांगायचा. पहिल्या संध्याकाळी सगळी ताटली त्याने संपवली. हळूहळू त्याला उपास घडायला लागला, आणि तो खट्टू होऊन अवघड प्रश्न काढायला लागला.

मुलाखतीच्या दिवशी लॅपटॉप कुकरच्या खोक्यावर ठेवला होता. खालच्या मिठाईच्या दुकानातून तुपाचा वास येत होता. निनाद वायफाय माझ्यासाठी मोकळं सोडून जिन्यात जाऊन बसला. पडद्यावर तीन चौकोन उघडले आणि मधल्या बाईंनी नेमका तोच प्रश्न विचारला.

“वी,” मी सुरुवात केली.

खोलीत एकही पक्षी नव्हता, पण चिप उडताना मला स्पष्ट दिसली. मी थांबले.

“सॉरी. आय,” मी म्हटलं. “मी त्याला तपासलं.” आणि मग सगळं सांगितलं; मी ऐकलं, मी विचारलं, मला भीती वाटत होती, मी परत फोन लावला. शेवटी म्हटलं, “पुढचं मात्र आम्ही केलं. आम्ही म्हणजे मी, ज्या नर्सने त्याला शांत धरून ठेवलं ती, आणि पुडी लपवता आली असती तरी न लपवणारी त्याची आजी.” डावीकडच्या चौकोनातला माणूस लिहायचं थांबून वर बघत होता. त्याला ते आवडलं की नाही, हे डब्यातल्या तोंडावरून कळत नाही. मार्गारेटचं म्हणणं मला तेव्हा पटलं.

पुन्हा हॅरिस पार्क

निकाल आला तेव्हा मी किराणा दुकानाबाहेर, जमिनीवर चिकटवलेल्या पावलांवर उभी होते, कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्यांसाठी. ईमेल वाचली. ‘पण’ शोधला. परत वाचली. ‘पण’ नव्हता.

आईला फोन लावला. तिला भेटून वर्ष उलटून गेलं होतं आणि विमानं कधी सुरू होतील हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

“आई,” मी म्हटलं, “मला मिळालं.”

पलीकडे तिने नाक ओढलं.

“मला काय म्हणतेस?” ती म्हणाली. “आपल्याला मिळालं म्हण.”

मागचा माणूस म्हणाला, “बहनजी, आगे चलिए.” मी पुढच्या पावलांवर सरकले आणि तिथे उभ्याउभ्याच रडले, या वेळी नळ न सोडता. डोळे पुसून मार्गारेटला मेसेज केला की मला मिळालं. आई म्हणते की आपल्याला मिळालं, दुसरा वी. मग नियमाप्रमाणे ही चिप कोणाची?

कोथिंबीर घेऊन बाहेर पडते तोवर उत्तर आलं.

“ती तुझी. चिकन सॉल्टशिवाय. खाली ये आणि खा.”